तंगुसाला बसलेला पीळ

झाशीत जगन्नाथ धुरींना कुणी विचारलं, "बाबूजी, कैसे हैं?" की ते म्हणायचे, "बढ़िया." सात महिने हेच चाललं होतं. आता बायको गेलेला सत्तरीचा माणूस कसला डोंबलाचा बढ़िया असणार! पण विचारणाऱ्यालाही तेच ऐकून पुढे सटकायचं असतं. आणि खरं सांगायचं तर ते अगदीच खोटंही नव्हतं. त्यांना कुठे दुखतच नव्हतं. भानुमतीला पोचवून आल्यापासून ते आतून बधिर होते. चहात साखर घालायची राहिली तरी पिऊन व्हायचा, आणि राहिली होती हे दुसऱ्या दिवशी कळायचं. लोक म्हणायचे, धुरीजींनी किती धीराने घेतलं. धीर कसला, माणूस जागेवरच नव्हता.

जगन्नाथांचे वडील मालवणकडून रेल्वेच्या नोकरीसाठी झाशीला आले, आणि पुढे जगन्नाथही रेल्वेच्याच कारखान्यात चिकटले. छत्तीस वर्षं क्रेनखाली. मनगटाएवढ्या तारेच्या दोरांची जबाबदारी त्यांची. समुद्र कधी पाहिला तो लहानपणी चारदा, पण मासे धरायची खाज रक्तातली, ती काही जात नाही. दर रविवारी चिरगावची बस पकडायची, अलीकडेच उतरायचं आणि बेतव्याच्या काठी गरी टाकून बसायचं. बसमधले लोक हसायचे. जगन्नाथ म्हणायचे, हसा लेको, तुमच्या नशिबी पनीरच आहे.

मासे धरण्याचा तो नायलॉनचा बारीक दोरा, त्याला ते वडिलांसारखं तंगूसच म्हणायचे. मानिक चौकातल्या दुकानदारालाही त्यांनी तो शब्द शिकवून सोडला होता. नवा तंगूस आणला की तो गरीच्या चाकावर भरायचा एक विधीच असे. भानुमतीने समोर बसायचं, विणायची सुई रिळातून आरपार घालायची आणि दोन्ही हातांनी धरायची. जगन्नाथ इकडून चाक फिरवणार, तिकडे सुईवर रीळ गरगर फिरणार. रीळ फिरलं की दोरा सरळ येतो. तेच रीळ जमिनीवर आडवं टाकून, ते न फिरवता त्याच्या टोकाकडून दोरा ओढलात, की दर वेढ्यामागे एक पीळ आत बसला म्हणून समजा. तारेच्या दोराचंही हेच. कारखान्यात ड्रममधून पाइप घालून तो फिरवत दोर सोडायचा. ज्या शहाण्याने वेटोळी ओढून काढली, त्याने दोराची वाट लावली. या एका गोष्टीवरून जगन्नाथांनी तीन फोरमन आणि अगणित खलाशी-मदतनिसांशी भांडणं केली होती.

भानुमती सुई धरून कंटाळायची. "दोऱ्याचा पीळ काढता, स्वतःचा कधी काढणार? सुंभ जळेल पण पीळ जायचा नाही," म्हणायची. पण सुई हलू द्यायची नाही.

मागच्या ज्येष्ठात निर्जळा एकादशी रविवारी आली. भानुमतीने हा उपास शेजारच्या रश्मीभाभीकडून उचलला होता. माहेरी कुणी पाणीसुद्धा सोडून एकादशी करत नसे, पण झाशीत चाळीस वर्षं काढल्यावर माणूस इथला होतोच. बाहेर पंचेचाळीस डिग्री ऊन आणि बाई पाण्याचा थेंब घेणार नाही. जगन्नाथांनी आदल्या दिवशीच नवा तंगूस आणून ठेवलेला. सकाळी ते रीळ घेऊन समोर आले तर ती म्हणाली, "आज मी त्या मासळीच्या सामानाला हात लावायची नाही. उद्या भरा."

"मग राहू दे," म्हणाले जगन्नाथ. रागाच्या भरात त्यांनी रीळ फरशीवर टाकलं आणि टोकाकडून दोरा ओढून चाक भरलं. छत्तीस वर्षं लोकांना ज्याबद्दल शिव्या घातल्या, तेच केलं. चूक कळत होती, पण रागावलेल्या नवऱ्याला कळून उपयोग काय!

व्हायचं तेच झालं. काठावर दुसऱ्याच फेकीला तंगूस चाकावरून उसळला आणि त्याचा हा एवढा गुंता झाला. जगन्नाथ बाभळीखाली बसून सोडवू लागले. अकराच्या सुमारास पिशवीतला फोन वाजला. डोकावून पाहिलं तर भानुमती. दोन्ही हातांच्या बोटांत दोरा, दातात एक टोक. त्यांना वाटलं, ओरडायलाच केला असणार, ओरडेल घरी गेल्यावर. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. तोही वाजू दिला. एक वाजता त्यांनी उलटा फोन लावला तेव्हा तो रश्मीभाभीने उचलला. "बाबूजी, जल्दी आइए." भानुमती स्वयंपाकघरात ओट्यापाशी पडली होती. डॉक्टर म्हणाले, दीड-दोन तास आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं.

हे दोन फोन जगन्नाथांनी कुणालाही सांगितले नव्हते. कॅनडातल्या मुलालाही नाही. स्वानंद बायकोला, शलाकाला, तिकडेच ठेवून तिसऱ्या दिवशी पोचला आणि तेराव्यानंतर परत गेला. तेव्हापासून दर रविवारी न चुकता फोन करायचा. त्याला कळलं की आई मदतीला बोलावत होती आणि बाप दोरा सोडवत बसला होता, तर तो पुन्हा फोन करेल कशाला? त्या रविवारच्या फोनापलीकडे जगन्नाथांकडे काही उरलं नव्हतं, म्हणून ते गप्प होते. गरी माळ्यावर टाकली, आणि फोनवर हवापाणी बोलायचे. तिकडे किती थंडी, इकडे किती धुकं. संपलं.

जानेवारीतल्या एका रविवारी संध्याकाळी साडेआठला फोन आला. तिकडे सकाळ. पडद्यावर स्वानंद एका लाल तंबूत, नाकापर्यंत गुंडाळलेला.

"बाबा, ओळखा मी कुठे बसलोय! तळ्यावर. म्हणजे तळ्याच्या वर. खाली दोन फूट बर्फ आहे, त्याला भोक पाडून गरी सोडलीय."

"बर्फावर? बुडशील लेका," जगन्नाथ म्हणाले. काळजी वाटली म्हणून नव्हे, बापाने म्हणायचं असतं म्हणून.

"इथे लोक गाड्या घेऊन येतात यावर. ते सोडा. माझा तंगूस सारखा उलझतोय. आमिष म्हणून लावलेलं ते खोटं मासूळ पाण्यात स्वतःभोवतीच फिरत बसतं. वर घेतलं की चाकावरून वेटोळी उडतात. एक मासा जवळ येत नाहीये. शलाका म्हणाली, तुमचे बाबा इतकी वर्षं काय करत होते, त्यांना विचारा."

जगन्नाथ जरा सरसावून बसले. सवयच ती. "सरळ भोकात सोडलंस ना? नदीत प्रवाह ओढतो, फेकलं तर दोरा पसरतो. तुझ्याकडे सगळं उभंच्या उभं लटकतंय, म्हणून ते गिरक्या घेणार. चाक भरलंस कसं?"

"दुकानातून रीळ आणलं, जमिनीवर ठेवलं आणि गुंडाळलं."

"टोकाकडून ओढून?"

"हो."

जगन्नाथांनी एकदा माळ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "गाढवा, तो पीळ तू घरूनच घेऊन आलायस. आता ऐक. ते मासूळ सोडून टाक. टोकाला नुसतं शिसं बांध आणि सोड खाली. तळाला टेकवू नकोस, अधांतरी राहू दे. शिसं आपोआप उलटं फिरेल आणि पीळ निघेल. घाई करायची नाही. मग मासळापासून हातभर वर एक फिरती कडी बांध, म्हणजे मासूळ फिरलं तरी कडीच्या खालीच फिरेल. आणि मोठा मासा दोरा ओढत पळत असेल तेव्हा उगाच चाक फिरवत बसू नकोस. त्यानेही पीळ बसतो."

स्वानंदने हातमोजे काढले आणि हाताला फुंकरा मारत शिसं बांधून सोडलं. "फिरतंय, बाबा. मस्त गरगरा फिरतंय. किती वेळ लागेल?"

"थांबेल तेव्हा थांबेल. आणि यापुढे भरताना रीळ कुणालातरी धरायला सांग."

"आई धरायची ना तुमचं? सुईवर. इथे कोण धरणार? शलाका तर कंबलमधून बाहेर येत नाही."

एवढंच बोलला पोरगा. पण जगन्नाथांच्या तोंडून निघून गेलं, "त्या दिवशी धरलं नव्हतं तिने."

"कुठल्या दिवशी?"

आता मागे फिरता आलं असतं. म्हातारपण आहे, काहीतरी बोलून गेलो, म्हटलं असतं की झालं. पण सात महिने तोंड मिटून त्यांचा जबडा आंबला होता. एकादशी, फरशीवर टाकलेलं रीळ, बाभळीखालचा गुंता, सगळं त्यांनी सांगितलं, आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाची गोष्ट सांगावी तसं. "दोनदा वाजला फोन. तिचं नाव दिसलं मला. मी उचलला नाही. दोरा सोडवत होतो. तिला मी मारलं, नंदू. तुला आता माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस."

स्वानंद खाली भोकाकडे बघत होता. जगन्नाथांनी ओळखलं, आता हा फोन ठेवणार. ते त्या लाल बटणाकडे बघत राहिले.

"मला माहीत आहे," स्वानंद म्हणाला.

"काय?"

"तुम्हाला केलेले दोन कॉल. आईच्या फोनमध्ये होते. आलो त्याच दिवशी बघितले मी. आणि त्यांच्या खाली तिसरा होता. मला केलेला." त्याने बाहीने नाक पुसलं. "इथे रात्रीचा एक वाजला होता, बाबा. नाव दिसलं मला. वाटलं, उपास आहे, झोप येत नसेल, गप्पा मारायच्या असतील. मी फोन उलटा करून ठेवला आणि झोपलो. तेराव्याच्या दिवशी तुम्ही अंघोळीला गेलात तेव्हा तिच्या फोनमधून तिन्ही पुसले."

"माझेही?"

"तुम्हाला दिसू नयेत म्हणून. मला काय माहीत तुम्ही तेच उराशी धरून बसलाय! वाटलं, तुम्हाला आवाज ऐकू आला नसेल, तुमच्या फोनातले पाहिलेही नसतील, नंतर तिची लिस्ट बघाल आणि खचाल. आणि माझा दिसला असता तर तुम्ही मला..."

जगन्नाथांना आधी रागच आला. म्हणजे सात महिने, दर रविवारी, हे पोर तिकडे आणि आपण इकडे, हवापाणी बोलत होतो! "अरे मूर्खा," ते ओरडले, "सांगायचं नाहीस? एवढंसं पोर तू, एकटा घेऊन बसलास?" चाळिशीचा पोरगा, पण त्यांच्या तोंडून तसंच निघालं. आणि भानुमती गेल्यापासून पहिल्यांदा ते रडले. साधंसुधं नाही, हंबरडा फोडून. फोन मांडीवर पडला, पडद्यात आता नुसतं छत दिसत असणार. पलीकडे रश्मीभाभीने भिंतीवर थाप मारून विचारलं, "बाबूजी, सब ठीक?" यावेळी बढ़िया म्हणायला त्यांना जमेना.

"फोन ठेव रे," ते कसेबसे म्हणाले. "थंडीत बसलायस. मी रडतोय नुसता. ठेव तू."

"रडा, बाबा," स्वानंद म्हणाला. "मी फोन ठेवत नाही."