रुसलेली पेशी

दहावीला रक्त शिकवायचं म्हणजे माझी चैन असायची. डोंगरातल्या आमच्या आश्रमशाळेत मी खापर गावच्या बाजारातली लाल शाल पांघरून तांबडी पेशी व्हायचो आणि बाकांमधून घरंगळत जायचो. दोन वर्षांपूर्वी सिकलसेलचा, म्हणजे विळ्यासारख्या वाकणाऱ्या पेशींच्या आजाराचा भाग आला तेव्हा मी हातात खरा विळा घेतला, कमरेत वाकलो आणि घोगऱ्या आवाजात म्हणालो, "मी रुसलेय. आता वाट अडवणार."

"सर, आमची आत्या अशीच रुसते," मागून एक पोरगा म्हणाला. वर्ग लोळला.

खिडकीजवळची मुलगी हसली नाही. तिला तोच आजार होता. मला ते माहीत होतं, आणि टाळ्यांच्या नादात मी ते विसरलो.

तास संपल्यावर ती आली. "सर, ती रुसते कशानं?"

शाल अजून अंगावर होती. "डिवचलं की," मी त्याच आवाजात म्हणालो. "तू गप्प, तर मी गप्प."

तिच्या पाड्यावर झरा आटला तरी माणसं त्याच्यापाशी जाऊन विनवतात, काय हवं ते विचारतात. त्याच आठवड्यात तिचं दुखणं उठलं, तशी तीही पेशीला विनवत वसतिगृहात तीन दिवस पाय पोटाशी घेऊन पडून राहिली. मैत्रिणींना म्हणाली, पाळी आलीय. गोळ्या न घेता उशाखाली ठेवल्या, पाणीसुद्धा जेमतेम ओठ भिजण्यापुरतं. पेशीला डिवचायचं नव्हतं. चौथ्या दिवशी तिला उठता येईना, तेव्हा आम्ही जीपमधून दवाखान्यात नेलं.

सलाइन लागल्यावर दुसऱ्या दिवशी ती बोलू लागली. मी स्टुलावर बसून सरळ सांगितलं. पेशीला राग नसतो, कान नसतात. तिच्या आतलं हिमोग्लोबिन जन्मापासून थोडं वेगळं आहे. ऑक्सिजन कमी पडला की त्याचे रेणू एकमेकांना चिकटतात, पेशी वाकते, बारीक नळीत अडकते. पाणी कमी पडलं की जास्त अडकते. कुणी मुद्दाम करत नाही.

तिनं सगळं ऐकून घेतलं. "पण मी विनवायचे तेव्हा ती बोलायची, सर. तुमच्याच आवाजात. अजून गप्प राहा, म्हणायची."

"ती नव्हती. तो मीच."

"मग तुम्हीच सांगा तिला. मला पाणी पिऊ दे म्हणावं."

परिचारिका भरलेला ग्लास घेऊन उभी होती. सकाळपासून तो तसाच परत जात होता. मी स्टुलावरून उठलो, कमरेत वाकलो आणि त्या घोगऱ्या आवाजात म्हणालो, "पी."

तिनं ग्लास संपवला. आसपासच्या खाटांवरचं कुणी हसलं नाही.