शेव कधी टाकायची

महिला मेळाव्यासाठी सोप्या, हमखास जमणाऱ्या पाककृतींचं एक पत्रक काढायचं ठरलं आणि ते माझ्या गळ्यात पडलं. जळगावात आमच्या संघटनेची पत्रकं मीच लिहिते. पाण्याची, रेशनची, थकवलेल्या पगाराची. शेवभाजीची कृती लिहून दिली, तर संयोजक भाऊंनी शेवटची ओळ बदलून आणली: "मंडळी ताटावर बसली की मगच शेव सोडावी." मी ती खोडली.

"ताई, साधी शेवभाजी आहे. तिच्यातही भांडण?"

हो. तिच्यातच.

मी लहान असताना आम्ही धुळ्याला देवपुरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. वडिलांना सगळी गल्ली नाना म्हणायची, म्हणून मीही. नाना दारू पीत नव्हते. हे आधीच सांगून टाकते, कारण बायकोला मारणाऱ्या माणसाचं सगळं पाप बाटलीवर ढकलायला लोकांना फार बरं वाटतं. नाना शुद्धीत मारायचे. मीठ कमी पडलं की ताट भिंतीवर, जास्त पडलं की आईच्या अंगावर. पाककृतीत "मीठ चवीनुसार" असं छापलेलं दिसलं की माझं डोकं अजून फिरतं. कुणाच्या चवीनुसार, तेही छापा ना.

त्यामुळे आमच्या घरात भरवशाचा पदार्थ म्हणजे ज्याच्यावरून मार बसत नाही तो. खिचडी भरवशाची. तांदूळ, त्याच्या निम्मी तूरडाळ, कांदा, लसूण, मूठभर शेंगदाणे, हळद, तिखट. सगळं कुकरला लावायचं आणि वाढताना वरून कच्चं तेल. गार झाली तरी तेलावर निभावते. शेवभाजी मात्र जीवघेणी, आणि नानांना रविवारी दुपारी तीच लागायची.

रस्सा अवघड नाही. कांदा आणि सुकं खोबरं आचेवर काळं होईपर्यंत भाजायचं, लसूण, आलं, कोथिंबिरीबरोबर वाटायचं, सढळ तेलात तेल सुटेपर्यंत परतायचं. मग तिखट, गरम मसाला, मीठ. पाणी उकळतंच घालायचं, गार घातलं की तर्री येत नाही. इथपर्यंत कुणालाही जमतं. प्रश्न शेवेचा. जाड तिखट शेव रस्स्यात पडली की फुगायला लागते. लवकर टाकली तर लगदा, उशिरा टाकली तर दातांखाली कडक. म्हणून मोटारसायकलचा आवाज आला की आई शेव मुठीत घ्यायची आणि चपला काढल्याचा आवाज आला की सोडायची. रविवारचा स्वयंपाक ती कानांनी करायची.

एका रविवारी नानांनी चपला काढल्या आणि पुन्हा बाहेर वळले. शेजाऱ्याशी निवडणुकीवर बोलत उभे राहिले. आत शेव फुगत होती. आई भांड्याकडे नुसती बघत होती. टाकलेली शेव परत काढता येत नाही.

नाना येऊन बसले, एक घास घेतला.

"म्हशीला ढेप कालवलीस का?"

आई काही बोलायच्या आत ते उठले. तिचं मनगट धरलं आणि उजवा तळहात भाकरीच्या तव्यावर दाबला. खाली गॅस चालू होता. आई ओरडली नाही, गुडघ्यावर बसली. ओरडले मी. जळलेल्या भाकरीचा वास मला आजही सहन होत नाही, कारण त्या दिवशी तव्यावर भाकरी नव्हती.

दवाखान्यात तिने सांगितलं, "तवा लागला." डॉक्टरांनी लिहून घेतलं.

शेजारच्या अक्का हात बघायला आल्या. पट्टी बघितली, नानांच्या रिकाम्या पाटाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "शेव तू कसाले टाकस? रस्सा वाटीमा दे, शेव येगळी ठेव. त्याले पाहिजे तवय तो टाकी."

ढाब्यावर असंच तर देतात. तिथे एकाही पुरुषाचा अपमान होत नाही. घरात होतो.

पट्टी सुटल्यावरचा पहिला रविवार. आईने पाटासमोर वाटीत रस्सा ठेवला, बशीत शेव.

"हे काय?"

"शेव."

"दिसतंय. टाक."

"तुम्ही टाका. हवी तेव्हा."

"हात मोडला का तुझा?"

"भाजलाय. तुम्हीच भाजलाय."

नानांनी ताटाला लाथ मारली. बशी फुटली. आई गॅसवरचं भांडं सांडशीत धरून उतरवत होती. त्यांनी मागून तिची वेणी धरून मान खेचली आणि भांडं कलंडलं. उकळता रस्सा नानांच्या पायावर गेला. तो सांडला की सांडवला, हे मी तिला आजवर विचारलेलं नाही. विचारणारही नाही.

वेणी सुटली. नाना शिव्या देत एका पायावर मोरीकडे गेले. आवाज ऐकून अक्का दारात आल्या. दोन्ही हातांनी चौकट धरून म्हणाल्या, "नाना, पाय पान्यामा ठेव. बाकीनं मंग देखू."

"निघ माझ्या घरातून," नाना मोरीतून आईला म्हणाले.

"जेवते आणि निघते."

भांड्यात निम्मा रस्सा उरला होता. आईने डबा काढला, त्यातली सगळी शेव रस्स्यात ओतली आणि वर झाकण ठेवलं. मग फुटलेल्या बशीचे तुकडे पायाने बाजूला सारून ती नानांच्या पाटावर बसली. त्या घरात नानांच्या आधी जेवताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. मोरीत पाणी ओतल्याचा आवाज येत होता, अक्का दार सोडत नव्हत्या, आणि आई शेव फुगायची वाट बघत होती. झाकण काढलं तेव्हा चमचा उभा राहील असा लगदा झाला होता. तिने भाकरीने मोठा घास उचलला.

"मला अशीच आवडते," ती मला म्हणाली. "मऊ. ये, बस. भाकरी कुस्कर."

आम्ही पोटभर जेवलो. ती हात धुवायला मोरीत गेली नाही, बाहेरच्या नळावर गेली. मग आमचे कपडे पिशवीत भरले, वर कुकर ठेवला आणि आम्ही मामाकडे भडगावला जाणारी एसटी धरली. ती परत गेली नाही. मामा पुढे समजूत घालायला लागला, तेव्हा तिने त्याच्यासमोर फक्त हात उघडून धरला.

तर भाऊंनी बदललेल्या ओळीच्या जागी मी लिहिलं: "शेव वेगळी द्यावी. ज्याला हवी त्याने हवी तेव्हा स्वतः टाकावी. करणारीने आधी जेवलं तरी भाजी बिघडत नाही."

भाऊ म्हणाले, "शेवटचं वाक्य कृतीत बसत नाही."

"बसतं. करून पाहिलेलं आहे. छापा."

छापलं. पत्रक घरी नेलं तर आईने चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचलं, शेवटपर्यंत. मग पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.

"खोबरं काळं करायला कुणी सांगितलं? तांबूस लिही. बायका जाळून बसतील."