डाव्या कोपऱ्याचा कप्तान

मधुकर रांबाडे माणसाच्या तोंडाकडे बघून कधी बोलला नाही. तो पायांकडे बघायचा. नवख्याला वाटायचं, बिचारा लाजाळू आहे, नाहीतर आपल्या बुटाला काहीतरी लागलंय. लाजाळू तो अजिबात नव्हता. कबड्डीत उभा जन्म डाव्या कोपऱ्यात काढलेला माणूस तो, चढाईला आलेल्याचा कुठला पाय आधी उचलतो हे हेरण्याची सवय त्याला जडली होती. ती कुवेतला आल्यावरही सुटली नाही.

आमची पहिली भेटही पायावरूनच झाली. गुहागरकडच्या एका गावच्या सामन्यात मी कॉलेजच्या संघातून चढाईला गेलो होतो. अंगावर इस्त्रीची जर्सी, पायात नवे कॅनव्हास आणि डोक्यात भरपूर हवा. समोर कोपऱ्यात अनवाणी उभ्या असलेल्या एका बुटक्या पोराने तीन चढायांत तीनदा माझा एकच घोटा धरला. पुढे बारा-पंधरा वर्षांनी कुवेतमधल्या शुवैखच्या वर्कशॉपमध्ये नकाशांची गुंडाळी काखेत मारून मी कामावर रुजू झालो, तर पत्रा कापायच्या मशीनमागून एक माणूस माझ्या पायांकडे बघत म्हणाला, “तुमचा डावा अजून आधी उचलतो, साळवीभाऊ.”

मी ड्राफ्ट्समन, एसीचे डक्ट कागदावर काढणारा. तो फॅब्रिकेटर, तेच डक्ट पत्र्यात उतरवणारा. त्यामुळे तो मला अहो-जाहो करायचा आणि मी त्याला अरे-तुरे. वयाने आम्ही सारखेच होतो, पण ते त्याला कधी खटकलं नाही, आणि मला ते सोयीचं होतं.

कंपनीचा प्रोजेक्ट मॅनेजर ग्रेग नावाचा ऑस्ट्रेलियन होता. थंडीच्या दिवसांत दर शुक्रवारी सकाळी तो आणि त्याचे देशबांधव एका मैदानावर त्यांच्याकडचा फुटबॉल खेळत. हा फुटबॉल म्हणजे वेगळंच प्रकरण. चेंडू नारळासारखा लांबुडका, गोलखांब दोन्ही टोकांना चार-चार, चेंडू हाताने धरायचा, पायाने मारायचा, आणि ज्याच्याकडे चेंडू असेल त्याला खुशाल कवटाळून पाडायचं. ग्रेगला माणसं कमी पडत होती. मी कबड्डी खेळलोय असं त्याला बढाईने सांगून बसलो होतो, म्हणून त्याने मला बोलावलं. एकटं जायची लाज वाटली म्हणून मी मधूला सोबत घेतलं. या कथेतला सगळा घोळ त्या एका लाजेपायी झाला, असं मला पुष्कळदा वाटतं.

पहिल्याच शुक्रवारी मधूने समोरच्या एका धिप्पाड आयरिश माणसाचा घोटा धरला आणि त्याला आडवा केला. शिट्टी वाजली, कारण चेंडू त्या माणसाकडे नव्हताच. चेंडू असलेल्यालाच धरायचं, हा नियम मी मधूला समजावला. तो विचारात पडला. “म्हंजे ज्याच्याकडं बॉल नाय तो आपल्या अंगणात फुकट फिरणार?” पुढच्या दहा मिनिटांत त्याने आणखी तिघांना धरलं. मी लांबून जीव तोडून ओरडत होतो, “सोड! अरे, सोड!”

मधूचा समज झाला की कबड्डीत जसा दम घुमवायचा असतो, तसं या खेळात ‘सोड’ म्हणायचं असतं. पुढच्या वेळी चेंडू त्याच्या दिशेने आला तेव्हा तो स्वतःच “सोड!” असं गरजला. ती आरोळी ऐकून आपले-परके सगळेच क्षणभर थबकले आणि मधूने चेंडू आरामात झेलला. ग्रेगने मला अर्थ विचारला. ‘लीव्ह इट,’ मी सांगितलं. त्याला ते इतकं पसंत पडलं की संघाचा नियमच झाला: मधूने ‘सोड’ म्हटलं की आपल्यापैकी बाकीच्यांनी चेंडूवरचा हक्क सोडायचा, तो मधूचा. इंग्रजीत हा शब्द हलकी शिवी आहे म्हणे. एका पंचाने मधूला ताकीद दिली तेव्हा मलाच धावत जाऊन मराठीचा खुलासा करावा लागला.

मैदानावर तो मलाही ‘सोड’ म्हणायचा. खेळ संपल्यावर पाणी पिताना एकदा ओशाळून म्हणाला, “तेवढा राग मानू नका, भाऊ. ‘सोडा’ बोलेपर्यंत बॉल जातो.” मी हसून मान हलवली.

राग मात्र यायचा. मी पुढे खेळायचो, गोल मारायचो. मधू सगळ्यात मागे, आमच्या खांबांपुढे. सात हंगामांत त्याने एकही गोल मारला नाही. त्याचं काम एकच, समोरच्या संघातल्या सगळ्यात उंच माणसाच्या पाठीला चिकटून राहायचं. चेंडूकडे बघून तो माणूस उडी घ्यायचा आणि मधू त्याच्या पायांकडे बघून त्याच्या अर्धा क्षण आधी. झेलायच्या भानगडीत न पडता मुठीने चेंडू असा बाहेर ठोकायचा, जसा वर्कशॉपमध्ये पत्र्याचा पोचा काढायचा. साडेसहा फुटी माणसं सामना संपल्यावर हात मिळवायला त्याला शोधत यायची. माझे गोल मलाच मोजावे लागायचे.

घरीही तेच. माझी मुलगी मराठीत विचारलेल्या प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते, पण शुक्रवारी मैदानाच्या कडेला उभी राहून तीच स्वच्छ मराठीत ‘सोड!’ म्हणून ओरडायची. बायको डबा भरताना आंबोळ्या जास्त घालायची, कारण मधूभावजींना आवडतात. मला काय आवडतं हे तिला माहीत होतं, पण ते डब्यात नसायचं.

चार हंगामांनंतर ग्रेगचा करार संपला. कप्तान तोच होता, त्यामुळे नवा कप्तान नेमायचा होता. मैदानाची परवानगी काढणं, ईमेल लिहिणं, जर्स्या शिवून आणणं ही कामं चार वर्षं मी करत होतो. कप्तानपद माझ्याकडे येणार हे मी गृहीत धरलं होतं, घरी सांगूनही टाकलं होतं. ग्रेगने मला केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाला, सगळ्यांना मधू हवाय. त्याला इंग्रजी जेमतेम येतं, तेव्हा तू त्याच्या भाषेत नीट विचार, त्याच्या मनात काय आहे ते मला खरं कळू दे.

मी विचारलंच नाही. तीन दिवस त्याच्या मशीनसमोरून जात-येत होतो, डक्टच्या मापांवर बोलत होतो, पण तो एक प्रश्न काही विचारला नाही. तिसऱ्या दिवशी ग्रेगला सांगितलं, तो नको म्हणतो. ग्रेगने खांदे उडवले आणि माझं नाव जाहीर केलं. इतकं सोपं होतं ते.

त्या शुक्रवारी ग्रेगचा निरोपाचा सामना झाला. मैदानावरच चहा चालला होता. ग्रेगने मधूच्या खांद्यावर हात टाकला आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “कॅप्टन... व्हाय यू से नो?” मी चारच पावलांवर होतो. मधूला ‘कॅप्टन’ कळलं, ‘नो’ही कळलं. त्याने ग्रेगकडे बघितलं नाही. त्याने माझ्या पायांकडे बघितलं. मी उगाच या पायावरून त्या पायावर भार देत होतो, हे तेव्हा माझ्याही ध्यानात आलं. मग तो ग्रेगला म्हणाला, “यस सर. आय से नो. मी कॉर्नर, साळवी गुड.”

त्याविषयी तो माझ्याशी एक अक्षर बोलला नाही. सोमवारी नेहमीसारखा माप विचारायला आला. त्याने भांडण काढलं असतं तर मला बरं वाटलं असतं. मीही चार शब्द सुनावले असते आणि फिटंफाट झाली असती. त्याच्या गप्प राहण्याने मात्र मी आतून करपून निघालो. माझ्या वाट्याला आलेला मोठेपणा खोटा, आणि त्याने न मागता मिळवलेला खरा. हेवा नुसत्या गुणाचा वाटला तर माणूस सहन करतो, मला त्याच्या चांगुलपणाचाही हेवा वाटायला लागला.

मी कप्तान झालो, पण मैदानावर अडचण आली की बाकीची सगळी डोकी मागे वळून मधूकडे बघायची. त्या हंगामाच्या शेवटी दुबईहून आलेल्या संघाशी सामना होता. आम्ही दोन गुणांनी पुढे होतो, शेवटचं मिनिट चालू होतं. उंच चेंडू आमच्या खांबांपुढे आला. मी मदतीला मागे धावलो होतो. मागून आवाज आला, “सोड!” मी ऐकला. पाच वर्षांत त्या शब्दाला मी नेहमी बाजूला झालो होतो. त्या दिवशी वाटलं, कप्तान मी आहे, मी का सोडू? मी उडी मारली, त्यानेही मारली. माझं कोपर त्याच्या तोंडावर बसलं, चेंडू खाली पडला आणि समोरच्याने तो सहज खांबांमधून मारला. त्या गोलाचे सहा गुण त्यांना मिळाले आणि सामनाही.

मधूचा ओठ फाटला होता. सगळे माझ्याकडे रोखून बघत होते. रुमाल तोंडावर दाबून तो म्हणाला, “माय मिस्टेक. लेट कॉल.” त्याची हाक वेळेवर होती. मैदानावरच्या प्रत्येकाने ती ऐकली होती.

पुढच्या हंगामाला मी सांगितलं की कामाच्या व्यापात कप्तानपद मला जमणार नाही. माझं वाक्य पूर्ण व्हायच्या आत मधूचं नाव ठरलं होतं.

तो कप्तान कसा होता, हे मी कुरकुरत का होईना, खरं सांगतो. सामन्याआधी ऑस्ट्रेलियन कप्तान लांबलचक भाषण ठोकतात. मधूचं भाषण तीन वाक्यांचं. “लुक फीट. नो फायटिंग. आय से सोड, यू सोड.” आणि गोरी माणसं शाळेतल्या पोरांसारखी माना डोलवायची. नाणेफेकीला तो दर वेळी ‘हेड्स’च मागायचा, कारण दुसरा इंग्रजी शब्द त्याच्या लक्षात राहायचा नाही. कोणी चूक केली तर त्याच्याजवळ जाऊन त्याच्या बुटाची नाडी बांधायचा. सुटलेली असो वा नसो. त्या दोन क्षणांत चुकणाऱ्याचा श्वास जागेवर यायचा. माझीही नाडी त्याने दोनदा बांधली. वर बघून एकदाही बोलला नाही.

बहरीनला आम्ही स्पर्धा जिंकलो तो कप्तान म्हणून त्याचा दुसरा आणि शेवटचा हंगाम. त्या विजयाचा फोटो वर्कशॉपमध्ये लावला होता. मधोमध मधू, चषक हातात आणि नजर खाली, कोणाच्या तरी पायांवर. कडेला अर्धा कापला गेलेला खांदा माझा आहे. मी जवळून जाताना फोटोकडे बघायचं टाळायचो, आणि टाळता टाळता रोज बघायचो.

मग तयार डक्ट बाहेरून यायला लागले आणि वर्कशॉप बंद झालं. मधूचा अकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, रद्द झाला. त्याला फारसं वाईट वाटलेलं दिसलं नाही. गावच्या शाळेतल्या मुलींना कबड्डी शिकवणार होता. विमान दुपारचं होतं, मीच गाडीने विमानतळावर सोडायला निघालो. मागच्या सीटवर खोक्याला दोरी बांधलेली, त्याच्या मांडीवर माझ्या बायकोने दिलेला आंबोळ्यांचा डबा.

रस्ताभर मी मनात जुळवाजुळव करत होतो. एवढं तरी बोलून मोकळं व्हायचं असं ठरवलं होतं. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी. त्याच्याहून एका तरी बाबतीत मोठं व्हायची ती शेवटची संधी होती. विमानतळाच्या अलीकडच्या सिग्नलला गाडी थांबली. मी सुरुवात केली, “मधू, ग्रेगने मला तुला विचारायला सांगितलं होतं, तेव्हा मी...”

तो माझ्या पायांकडे बघत होता. गाडी थांबलेली असतानाही मी ब्रेक पुन्हा पुन्हा दाबत होतो.

“सोड,” तो म्हणाला.

बारा वर्षांत मैदानाबाहेर त्याने मला एकेरी हाक मारली नव्हती. जाऊ द्या, विसरा, असं म्हणायचं असतं तर तो ‘सोडा’ म्हणाला असता. ही मैदानावरची हाक होती. सिग्नल हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला, मी गाडी पुढे घेतली. कुठल्या दारापाशी उतरवू, एवढंच मी विचारलं.

दारापाशी खोकं खांद्यावर घेऊन तो म्हणाला, “येतो भाऊ, सांभाळून जावा,” पुन्हा नेहमीसारखा अहो-जाहोत, आणि आत गेला. कबुलीचा तो चेंडू माझा होता. निदान तो तरी मी झेलायला हवा होता. पण हाक आधी त्याची आली, आणि या खेपेला मी बाजूला झालो.