किटलीतली इंदू

चाळीतल्या मंडळींनो, आम्ही लालबाग सोडलं त्या सकाळी तुम्ही सगळे टेम्पोभोवती जमला होतात, फक्त इंदूमावशी दिसत नव्हती. आई सारखी वळून बघत होती आणि बघत नसल्याचं दाखवत होती. शेजारच्या खोलीतली ही मावशी आणि आई रोज सकाळी सामाईक नळावर नंबरावरून भांडायच्या आणि दुपारी एकाच सुपात तांदूळ निवडायच्या. टेम्पो हलणार, तेवढ्यात मावशी धावत आली आणि चहाची किटली आईच्या मांडीवर ठेवली. आत पाणी, आणि पाण्यात तिच्या काचेच्या पेटीतला बोटाएवढा लाल मासा.

"तिकडे भांडायला कोण मिळणार तुला? याच्याशी भांड," ती म्हणाली.

बोरिवलीत स्वतःचा नळ होता, स्वतःचं दार होतं. शेजाऱ्यांची दारंही कायम बंद. आम्हा मुलांना सगळं झकास वाटलं, आई मात्र गप्प गप्प झाली. मग एका सकाळी स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला. लोणच्याच्या बरणीतल्या माशाला ती ठणकावत होती, "इंदू, आज माझा पहिला नंबर."

बाबांनी पेपरातून डोकं वर काढलं आणि आपल्या मालवणीत विचारलं, "नाव ठेवलंस, आता हो खाऊचो कसो?"

पुढे ते रोजचंच झालं. भाताचं शीत टाकताना आई इंदूला टोमणे मारायची, भाजीवाल्याने कसं फसवलं ते सांगायची, आणि इंदू तोंड उघडमीट करून उत्तर द्यायची. शाळेतून आलो की आम्ही आधी इंदू काय म्हणाली ते विचारायचो.

पण काही दिवसांनी इंदू मलूल झाली. तळाशी पडून राहायची, शिताकडे ढुंकून बघेना. आई रोज नळ आला की बरणी घासून ताजं पाणी भरायची. कालचं पाणी शिळं म्हणून ओतायची, ही चाळीतलीच सवय. एका रविवारी इंदू आडवी झाली आणि आईने स्टोव्हसुद्धा पेटवला नाही. मला भीती इंदू जाण्याची नव्हती. ती गेली तर आई या घरात पुन्हा गप्प होईल, याची होती.

नेमकी त्याच दुपारी इंदूमावशी पहिल्यांदा आमच्याकडे आली. मी दार उघडलं आणि आतून आईचा रडवेला आवाज आला, "इंदू काही आता वाचत नाही हो."

"अजून आहे गं मी," मावशी उंबऱ्यातून म्हणाली.

आई इतकी हसली की शेवटी रडायलाच लागली. मावशीने बरणी बघितली आणि तिला झापलं.

"शालन, सगळं पाणी कशाला ओततेस? अर्धं जुनं राहू दे. एकदम नवं पाणी सोसत नाही तिला."

त्या दिवशी आईने काहीच आवरलं नव्हतं म्हणून बादलीत कालचं पाणी उरलं होतं, त्यात इंदूला सोडलं. संध्याकाळी तिने शेपटी हलवली. मावशी मुक्कामाला राहिली आणि सकाळी दोघी मोरीवरून भांडल्या.

पुढे चाळ पाडायची ठरली आणि मावशी मुलाकडे मुलुंडला गेली. आईने नवा मासा विकत आणला, त्याच किटलीत इंदूचं अर्धं पाणी घातलं आणि बसने नेऊन दिला. त्याचं नाव मावशीने आम्हाला सांगितलं नाही.

घर कुठलं असं कुणी विचारलं की मी आजही घुटमळते. चाळ आता नाही, तिथली आमची खोलीही नाही. हक्काने भांडावं असं माणूस जिथे आहे ते घर, एवढंच मला कळतं.

एकदा आई आणि मी न कळवता मुलुंडला गेलो. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून मावशीचा आवाज आला, "सरक गं शालन, आज माझा पहिला नंबर."

आईने मला हाताने थांबवलं आणि पदर तोंडाला लावून कितीतरी वेळ जिन्यातच उभी राहिली.