स्वयंपाकाचं तेल आणि अकरा हजार वाचक

जोडे दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आणि झेरॉक्सचं दुकान यांच्या मधे, जिन्याखाली एक चिंचोळी जागा होती. दोन माणसं शेजारी शेजारी उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेरूनच बोलावं, एवढीच. तिथे अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई शिलाई मशीनं दुरुस्त करत. सगळे त्यांना मिस्त्रीणबाई म्हणत. नवीन गिऱ्हाईक आलं की आत डोकावून विचारायचं, "मिस्त्री कुठे गेलेत?" त्यावर बाई हातातल्या स्क्रूवरची नजर न काढता म्हणायच्या, "कुठे नाही गेले. समोर बसलेत."

हे काम त्यांना सासऱ्यांनी शिकवलं. ते म्हणायचे, "माझ्या पोराच्या हातात स्क्रू दिला की हरवतो, आणि सुनेच्या हातात दिला की बसतो. मग मी कोणाला शिकवू?" सासरे गेले, पुढे नवराही गेला, दुकान राहिलं आणि ते चाललंही. चाळीस वर्षांत मिस्त्रीणबाईंनी किती मशीनं उघडली असतील त्याला गणती नव्हती. लिहिण्याशी मात्र त्यांचा संबंध चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचं नाव आणि 'सुई वाकडी' एवढं लिहिण्यापुरताच होता.

मग एका सकाळी दुकानाच्या ओल्या पायरीवरून त्यांचा पाय घसरला आणि उजवं मनगट मोडलं. डॉक्टरांनी कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सहा आठवडे हात हलवायचा नाही म्हणून बजावलं. दुकानाला कुलूप लागलं, पण गिऱ्हाइकांच्या मशीनांना ते कुठे ठाऊक? फोन वाजतच राहिला. कोणाचा दोरा तुटत होता, कोणाचा टाका सुटत होता, कोणाचं मशीन नुसतंच घरघरत होतं. मिस्त्रीणबाई खुर्चीत बसून डाव्या हाताने फोन धरायच्या आणि एकच गोष्ट सकाळपासून दहा जणांना दहा वेळा सांगायच्या.

त्यांची सून एका कचेरीत पत्रव्यवहार सांभाळायची. आठवडाभर ही टकळी ऐकल्यावर ती म्हणाली, "आई, तुम्ही रोज तेच तेच सांगून घसा कोरडा करता. एकदा लिहून का टाकत नाही? मी ब्लॉग करून देते. कोणाचा फोन आला की म्हणायचं, तिथे वाचा."

"मी लिहू? अगं, माझं अक्षर मलाच लागत नाही."

"अक्षर कॉम्प्युटरचं. डोकं तेवढं तुमचं द्या."

झालं. दुसऱ्या दिवसापासून मिस्त्रीणबाई डाव्या हाताच्या एका बोटाने टाइप करायला लागल्या. पहिला लेख तीन दिवस चालला. सून वाचायला बसली. सुरुवातच अशी होती : 'शिलाई यंत्राची नियमित निगा राखणे ही अत्यंत आवश्यक बाब आहे.'

"आई, हे कोणी लिहिलंय?"

"मीच. का?"

"दुकानात असं बोलता तुम्ही? असं बोलला असतात तर गिऱ्हाईक मशीन तिथेच टाकून पळालं असतं."

मिस्त्रीणबाईंना राग आला. तीन दिवस एका बोटाने लिहिलेलं ते. पण रात्रीच्या जेवणापर्यंत राग उतरला आणि सकाळी त्यांनी सगळं पुसून नव्याने लिहिलं : 'दोरा तुटतो म्हणून मशीनला शिव्या देऊ नका. सुई शेवटची कधी बदललीत ते आठवा. आठवत नसेल, तर तेच तुमच्या प्रश्नाचं उत्तर.' सून हसली आणि तिने तो लेख चढवला. ब्लॉगला नाव दिलं, 'टाका चुकला की'.

पहिल्या आठवड्यात सात वाचने झाली. मिस्त्रीणबाई खूश. सात माणसं म्हणजे त्यांचं दुकान तीनदा भरलं असतं. त्यांचा मुलगा बस चालवायचा आणि घरात कोणाच्याही आनंदात पटकन ब्रेक मारायचा. तो म्हणाला, "आई, ही सात माणसं नाहीत. सात वेळा उघडलंय. त्यातलं चार वेळा हिने, दोन वेळा तू."

"आणि सातवं?"

"सातवं माहीत नाही."

"मग त्या सातव्यासाठी लिहिते," मिस्त्रीणबाई म्हणाल्या, आणि खरंच लिहीत राहिल्या.

प्लास्टर निघालं, दुकान उघडलं, तरी लिहिणं थांबलं नाही. दुपारी गिऱ्हाईक कमी असे, तेव्हा त्या लिहायच्या. सुनेने एक युक्ती सांगितली होती, की लेखाला मथळा द्यायचा तो गिऱ्हाईक दारात उभं राहून बोलतं त्याच शब्दांत, कारण लोक शोधतातही त्याच शब्दांत. म्हणून 'खालचा दोरा वर येतो', 'मशीन कापड गिळतं', 'नवीन मशीन, तरी टाका वाकडा' असले मथळे पडले. दुरुस्तीच्या चिठ्ठीमागे ब्लॉगचा पत्ता छापला. कोणी काही विचारलं तर मिस्त्रीणबाई दुसऱ्या दिवशीच्या आत उत्तर द्यायच्या. 'बघते, विचार करून सांगते' असं लिहिलं तर खरोखर विचार करून सांगायच्या. वर्षभरात रोजचे साठ-सत्तर वाचक झाले. घरोघरी न जाता साठ घरांतलं मशीन चालू करता येतं, याचंच त्यांना नवल वाटायचं.

आणि मग ती तेलाची गोष्ट घडली.

एक दिवस एक ताई हिरवं मशीन घेऊन आल्या. मशीनवर चिमणीचं एक जुनं स्टिकर होतं. त्या शाळेचे गणवेश शिवायच्या आणि फार घाईत होत्या. मशीन ठेवून गेल्यावर मिस्त्रीणबाईंनी ते उघडलं, तर आत सगळी चिकट, पिवळी राळ. ताईंनी त्यात स्वयंपाकाचं तेल ओतलं होतं. साफ करता करता मिस्त्रीणबाईंना एकटीलाच हसू फुटलं. त्या दुपारी त्यांनी लेख लिहिला. हिरवं मशीन, चिमणीचं स्टिकर, आतला वास, आणि 'आता फक्त मोहरी टाकायची बाकी होती' असं शेवटचं वाक्य. सून त्या आठवड्यात कचेरीच्या कामासाठी बाहेरगावी होती. मिस्त्रीणबाईंनी स्वतःच बटण दाबलं.

लेख वणव्यासारखा पसरला. लोकांनी तो एकमेकांना पाठवला. चार दिवसांत अकरा हजार वाचने झाली. मुलगासुद्धा ब्रेक मारायचा विसरला. मिस्त्रीणबाईंचे पाय जमिनीला लागेनात. झेरॉक्सवाल्याला त्यांनी बोलावून आकडा दाखवला.

पाचव्या दिवशी त्या ताई मशीन न्यायला आल्या. हातात फोन होता. आवाज चढवला नाही.

"बाई, हे माझ्याबद्दल आहे ना?"

मिस्त्रीणबाईंनी फोनकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

"माझ्या दोन गिऱ्हाइकांनी मला हे पाठवलं," ताई म्हणाल्या. "चिमणीवरून ओळखलं त्यांनी. चिमणी माझ्या मुलीने लावली होती, लहान असताना. बाई, ते तेल चालत नाही हे मला माहीत होतं. वीस वर्षं शिवतेय मी. पण मिस्टर अंथरुणाला खिळलेत, त्या दिवशी घरात दुसरं कोणी नव्हतं, त्यांना एकटं सोडून बाहेर पडता येत नव्हतं, मशीन अडलेलं आणि बावीस गणवेश दुसऱ्या दिवशी द्यायचे. घरात जे होतं ते घातलं. तुम्ही मला वेडी ठरवलंत. विचारलं असतं तर सांगितलं असतं मी."

मिस्त्रीणबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. काही बोलायच्या आत ताई मशीन न घेताच निघून गेल्या.

सुनेला त्यांनी फोन लावला. सगळं ऐकून सुनेने वाचनांचा आकडा उघडून बघितला. मग म्हणाली, "आई, काढलात तर आलेले सगळे वाचक त्या कोऱ्या पानावर येऊन परत जातील. इतके लोक पुन्हा मिळणार नाहीत हे लक्षात घ्या."

"जाऊ देत. माझं हसू तिच्या घरात जाऊन पडलंय."

"मग काढा," सून म्हणाली. "मीही तेच केलं असतं."

लेख काढला. दुसऱ्या दिवशी मुलाची सुट्टी होती. त्याने मशीन उचललं आणि मायलेक ताईंच्या घरी गेले. तिसरा मजला, लिफ्ट नाही. खिडकीशी पलंग, त्यावर ताईंचे यजमान उशांना टेकून बसलेले. उजवं अंग लुळं पडलेलं, पण डोळे तल्लख. खोलीभर निळ्या कापडाचे गठ्ठे. ताईंनी 'या' म्हटलं, 'बसा' म्हटलं नाही.

मिस्त्रीणबाई उभ्यानेच म्हणाल्या, "तुमची अडचण न विचारता मी तुमचं हसं केलं. चुकलं माझं. लेख काढून टाकलाय. पण ज्यांनी वाचला त्यांच्या डोक्यातून कसा काढू, ते मला कळत नाही."

ताई हातातल्या गणवेशाची घडी घालत राहिल्या. बोलले ते पलंगावरचे यजमान. जीभ जड होती, शब्द सावकाश येत होते. "मोहरीचं… वाक्य… चांगलं होतं."

ताईंनी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं आणि मग, नको नको म्हणताना, त्यांना हसू आलं. मिस्त्रीणबाईंच्या जिवात जीव आला. ताईंनी खुर्चीवरचे गणवेश उचलले. "बसा आता," त्या म्हणाल्या. "आणि एक सांगा. मशीन अडलंय, तेल संपलंय, दुकानात जाता येत नाही. अशा वेळी बाईने करायचं काय? हे का नाही लिहीत कोणी?"

मिस्त्रीणबाई विचारात पडल्या. चाळीस वर्षांत त्यांच्या दुकानात तेलाची डबी कधी संपलीच नव्हती, म्हणून हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. त्या तिथेच बसून सांगू लागल्या. घरातलं कुठलंही तेल घालू नका. बहुतेक वेळा मशीन तेलावाचून अडतच नाही, शटलमध्ये दोऱ्याचा तुकडा अडकतो म्हणून अडतं.

"शटलमध्ये म्हणजे नेमकं कुठे?" ताईंनी अडवलं. "नवीन मुलीला कसं कळेल? असं लिहा, बॉबिन बसते तिच्यामागची गोल खाच."

तिथेच, निळ्या गठ्ठ्यांच्या मधे, दोघींनी मिळून तो लेख लिहिला. दोरा चिमट्याने काढा, ब्रशने कापसाची धूळ झाडा, चाक हाताने सावकाश फिरवून बघा, मोकळं झालं तर काम उरका आणि तेल सवडीने आणा. मथळा दिला, 'घरात तेल नसेल तेव्हा'. पहिल्या दिवशी एकशे चाळीस वाचने झाली. अकरा हजारांपुढे ती काहीच नव्हती. पण हे वाचक परत आले. खाली लिहू लागले. एकीने लिहिलं, 'मूल तापाने फणफणलेलं, बाहेर जाता येत नव्हतं, तुमच्यामुळे मशीन सुटलं.'

त्या दिवसापासून प्रत्येक लेख आधी ताईंकडे जाऊ लागला. ताई मशीन चालवायच्या आणि त्यांचे यजमान पलंगावरून मोठ्याने वाचून दाखवायचे. वाचता वाचता त्यांच्या जिभेचा जडपणाही थोडा सुटला, असं ताई सांगायच्या. कळलं नाही की ताई निरोप पाठवायच्या, 'मावशी, तिसरं वाक्य डोक्यावरून गेलं.' मिस्त्रीणबाई कपाळाला हात लावायच्या आणि तिसरं वाक्य पुन्हा लिहायच्या. कधी पाच-पाच वेळा.

वाचक वाढले ते असे, एकेक करून. आठवड्याला थोडे, महिन्याला थोडे. एका शिवणवर्गाच्या शिक्षिकेने लेख छापून वर्गाच्या भिंतीवर लावले. परदेशातल्या एका माणसाने आईच्या मागे राहिलेलं मशीन हे लेख वाचून वाचून चालू केलं आणि पहिल्या वाकड्या शिवणीचा फोटो पाठवला. मुलगा म्हणू लागला, "आई, आता व्हिडिओ कर. वाचतंय कोण?" मिस्त्रीणबाईंनाही वाटलं, करावा. तेवढ्यात एका मुलीचं पत्र आलं. 'सगळे बोलून दाखवतात. मला ऐकू येत नाही. तुम्ही लिहिता, म्हणून माझं मशीन चालतं.' मिस्त्रीणबाईंनी ते पत्र मुलाला वाचायला दिलं. त्याने पुन्हा व्हिडिओचा विषय काढला नाही. उलट लेखांसाठी फोटो काढायचं काम अंगावर घेतलं.

तिसऱ्या वर्षी रोजचे हजारावर वाचक झाले. कोणी कौतुक केलं की मिस्त्रीणबाई म्हणायच्या, "सासऱ्यांनी शिकवलं, सुनेने लिहितं केलं आणि ताईंनी शहाणं केलं. माझं काय? एक बोट." आणि हे त्या विनयाने म्हणत नसत. त्यांना खरंच तसं वाटायचं.

मग एकदा त्यांनी ताईंना म्हटलं, "गणवेशाची कॉलर तुमच्यासारखी कोणाला बसवता येत नाही. ते तुम्ही लिहा. माझ्या ब्लॉगवर, तुमच्या नावाने."

ताईंनी महिनाभर टाळाटाळ केली. शेवटी लिहिलं. तो लेख मिस्त्रीणबाईंनी वाचला आणि निरोप पाठवला, 'पाचवं वाक्य डोक्यावरून गेलं.' ताई आधी चिडल्या, मग खो खो हसल्या.

लेख चढवायच्या सकाळी मिस्त्रीणबाई आणि सून ताईंच्या घरी गेल्या. ताईंनी बोट बटणापर्यंत नेलं आणि मागे घेतलं. "नाही दाबवत मला," त्या म्हणाल्या. "लोक काय म्हणतील?"

"आण इकडे," पलंगावरून यजमान म्हणाले. शब्द आता बरेच सरळ येत होते. ताईंनी फोन त्यांच्यापुढे धरला. त्यांनी डावा हात उचलला, नेम धरला आणि बटण दाबलं.

चौघंही पडद्याकडे बघत बसली. मिनिटभराने आकडा हलला. शून्याचा एक झाला.

"हा कोण?" ताईंनी विचारलं.

"माहीत नाही," मिस्त्रीणबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते. "कोणीतरी चांगलं माणूस असणार."