दहावं नाव

खेड्यातलं चर्च हे ख्रिस्ती समाजाचं धडधडतं हृदय आहे. ते थांबलं तर शहरातल्या उंच कमानी उभ्या राहतील, पण त्यांच्याखाली जीव उरणार नाही. हे वाक्य माझंच आहे. नागपुरातल्या आमच्या चर्चच्या स्मरणिकेत ते पाहुण्या बिशपांच्या फोटोशेजारी गुळगुळीत कागदावर छापून आलं. पुष्कळांनी फोन करून आवडल्याचं सांगितलं. ते लिहीत होतो तेव्हा आमच्या गावातल्या चर्चमध्ये मी वर्षभर पाऊल ठेवलेलं नव्हतं, आणि तिथलं प्रभुभोजन बंद पडलेलं होतं. ते माझ्यामुळे बंद पडलं होतं.

आमचं गाव उमरेडच्या अलीकडे, फाट्यावर एसटीतून उतरून पंधरा मिनिटं चालायचं. चर्च म्हणजे एक लांबट कौलारू खोली. म्हाताऱ्यांसाठी दोन बाकं, बाकीच्यांना चटया. कोळशाच्या ट्रकांची काळी धूळ खिडक्यांतून आत येते आणि माझी आत्या ती रोज झाडते. ती मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. निवृत्त झाल्यावर चर्चला लागून असलेल्या दोन खोल्यांत राहायला आली, तेव्हापासून घंटाही तीच वाजवते.

प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस देण्याचा अधिकार फक्त पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना. आमच्या पाळकांकडे पाच गावं, म्हणून नियम असा, की ज्या गावच्या वहीत किमान दहा सभासद असतील तिथे ते महिन्याच्या पहिल्या रविवारी येतील. बाकीच्यांनी नाताळची वाट पाहावी. आमच्या वहीत बरोबर दहा नावं होती. त्यातली तिघं नागपुरात राहत होतो, पण वहीत नाव असलं की माणूस हजर धरतात. आमच्या धर्मात श्रद्धेला फार महत्त्व आहे, कारभारात वहीला.

आत्या फोनवर इतर काही बोलो न बोलो, एवढं म्हणायचीच, "आपण दहा जण हाओ बरं गा, बाबू."

त्यामुळे मी अजाणता केलं असं म्हणायची सोय नाही. मला आकडा पाठ होता.

मुलीचं लग्न ठरलं. तिला शहरातलं मोठं चर्च हवं होतं. खरं सांगायचं तर मलाही हवं होतं. मागे थंडगार हॉल, गाड्या लावायला मैदान. पण लग्न लावायचं तर कुटुंबप्रमुख त्या चर्चचा सभासद पाहिजे, म्हणजे गावच्या वहीतून नाव काढून पाळकांकडून बदलीचं पत्र आणायला हवं. मी गेलो. पाळकांनी पेन उघडलं, मग थोडं थांबून विचारलं, "नीट विचार केलाय ना?"

"तात्पुरतं आहे," मी म्हणालो. "लग्न झालं की परत आणतो."

त्यांनी सही केली. लग्न झोकात झालं. आत्या पहिल्या रांगेत पांढऱ्या साडीत बसली होती. तिने मुलीच्या डोक्यावर हात ठेवून बराच वेळ प्रार्थना केली आणि नंतर मला म्हणाली, "हॉल लय थंडा हाय रे तुमचा. माह्या पायाले मुंग्या आल्या." तिला पत्राचं माहीत नसणार अशी मी समजूत करून घेतली. पत्र परत आणायचं राहिलं. पुढे स्मरणिका निघाली, तिच्यासाठी लेख लिहिला, आणि लेखाने मात्र मला झोपू दिलं नाही. शेवटी एका पहिल्या रविवारी मी एसटीत बसलो.

घंटा झालेली होती. आत सहा माणसं. निवृत्त पोस्टमन शास्त्रपाठ वाचत होते, चष्मा सरळ करत, प्रत्येक ओळीला थांबत. पुढच्या टेबलावर माझ्या आजोबांनी मागावर विणलेलं पांढरं कापड इस्त्री करून अंथरलेलं होतं. त्याच्यावर काहीच नव्हतं. गाणं झालं, प्रार्थना झाली, लोक एकमेकांना सलाम करून उठले.

"काहून गा, एकटाच आला?" आत्या दारात म्हणाली. "बायकोले नाई आणलं?"

"तिला बरं नाही," मी म्हणालो. तिला अगदी बरं होतं. "पाळकसाहेब दिसले नाहीत?"

"येऊन नाई राहिले आता. दहा नाई ना भरत."

आणि मग मी जे विचारलं ते आठवलं की अजूनही कान तापतात. मी विचारलं, "कोण कमी झालं?"

पोस्टमनकाका चपला घालत होते. ते घालतच राहिले. आत्याने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, रोग्याला कुठे दुखतंय ते त्याच्याच तोंडून ऐकायचं असावं, तसं.

"एक जण नागपूरले गेला," ती म्हणाली. "चाल, घरी बस."

स्वयंपाकघरात तिने पातेल्यावरचं झाकण काढलं. भिजवून, उकळून, गाळलेल्या मनुकांचा रस. आमच्याकडे प्रभुभोजनाचा द्राक्षारस असाच होतो, आणि भाकर म्हणजे तिच्या हातची पोळी, बारीक तुकडे केलेली. पाळक येणार नाहीत हे ठाऊक असून ती दर पहिल्या रविवारच्या आदल्या दिवशी मनुका भिजवत होती.

"आले समजा रस्ता चुकून, तं?" ती म्हणाली, आणि स्टीलच्या पेल्यात रस ओतून माझ्यासमोर ठेवला. "घे. त्याच्यावर प्रार्थना नाई झाली, तवा निस्तं शरबत हाय. तुले चालते."

मी प्यालो. गोड होतं.

"आत्या, ते पत्र..."

"मले लग्नाच्या आधीच माहीत होतं. पाळकांनी सांगतलं."

"मग बोलली का नाहीस?"

"पोरीच्या लग्नात काय भांडू? माही एकच इच्छा हाय बाबू. मरायच्या आधी दर महिन्याले आपल्याच चर्चातल्या टेबलापाशी प्रभुभोजन घ्यावं. नाताळाले घेतो, पण ह्या वयात नाताळ लय दूर रायते."

"मी पत्र परत आणतो. ह्याच आठवड्यात."

"आण ना," ती म्हणाली. मग पेला विसळता विसळता, "अन् नातवाचा बाप्तिस्मा कुठं करशीन मंग?"

मुलीला सातवा महिना होता. आत्या नर्स होती. तिला हिशेब सांगावा लागत नाही. एसटीची वेळ झाली, एवढंच मी सांगितलं.

तरी त्या आठवड्यात मी शहरातल्या पाळकांना भेटलो. मी तोंड उघडण्याआधीच ते म्हणाले, की लेख वाचून ते भारावले आहेत, आणि खेड्यांतली चर्चेस टिकवण्यासाठी एक समिती नेमायची आहे, तिच्यावर माझ्यासारखा माणूस हवाच. समितीवर राहायला सभासदत्व इथलंच लागतं. मी स्वतःला समजावलं, की एक नाव परत नेण्यापेक्षा दहाचा नियमच सहावर आणला तर आत्याचं काम कायमचं होईल. हो म्हणालो.

तो ठराव मी पहिल्याच सभेत मांडला. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि तो पुढच्या सभेवर ठेवला. तिथून तो आणखी पुढे गेला. आता तीन सभा झाल्या आहेत. सभा महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेदहाला असते. नाश्त्याला पोहे असतात.