शेवटच्या रांगेतली पाठ

कवळीकाकांना त्या हंगामातला पहिला धक्का घरातच बसला, आणि तोही जेवताना. बायकोने पाण्याचा ग्लास त्यांच्यापुढे सरकवला आणि उद्या दूधवाला येणार नाही असं सांगावं तशा सुरात म्हणाली, “अहो, टोपीसाहेबांनी आता जावं, असं मला वाटतं.”

काकांचा घास हातातच राहिला. टोपीसाहेब म्हणजे त्यांच्या फुटबॉल क्लबचे मॅनेजर. चोवीस वर्षं हा माणूस मैदानाच्या कडेला एकाच जागी, एकच लोकरी टोपी घालून उभा होता. क्लब खालच्या गटात गटांगळ्या खात होता तेव्हा ते आले, त्यांनी तो वर काढला, दोनदा चषकही आणला. आता गेली तीन वर्षं तोच क्लब त्यांच्याच देखत पुन्हा गटांगळ्या खात होता. हे काकांना दिसत नव्हतं अशातला भाग नाही. पण मनात येणं वेगळं आणि लग्नाच्या बायकोने ते ताटावर बसून बोलून दाखवणं वेगळं.

“हे कोणी भरवलं तुझ्या डोक्यात?”

“माझ्या डोक्यात काही भरवायची कोणाची छाती आहे?”

काकांनी तो घास तोंडात घातला, कारण ते खरं होतं. बाई रुग्णालयाच्या धुलाईघरात मुकादम होती. चादरींचे डोंगर आणि त्यांच्यामागे दडून गप्पा मारणारी माणसं, दोन्ही ती एका नजरेत सरळ करत असे.

काका स्वतः कवळ्या बनवत. दातांच्या दवाखान्यामागे त्यांची एक लांबट खोली होती. डॉक्टर पुढच्या बाजूने माप पाठवत, काका मागे बसून प्लास्टरचा जबडा ओतत, गुलाबी मेणात एकेक दात बसवत आणि शेवटी सगळं फिरत्या चाकावर घासून चकचकीत करत. शहरातली निम्मी म्हातारी माणसं काकांच्या दातांनी हसत होती आणि त्यातल्या एकाही माणसाला काका ठाऊक नव्हते. याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. उलट रस्त्यात कोणी मनापासून हसलं की ते आधी दातांची ओळ बघत आणि मग माणूस.

खोलीतल्या वरच्या फळीवर एक जबडा मात्र कायमचा होता. टोपीसाहेब आले त्या पहिल्याच वर्षी सरावात त्यांच्या तोंडावर चेंडू बसला आणि पुढचा एक दात गेला. माप आलं, नवा दात काकांनी केला आणि प्लास्टरचा साचा ठेवून घेतला. “लोक भिंतीवर फोटो लावतात, आमच्याकडे जबडा आहे,” असं बायको येणाऱ्याजाणाऱ्याला सांगे. टोपीसाहेबांनी काकांना आयुष्यात पाहिलं नव्हतं. पण आपला दात त्या तोंडात आहे, एवढ्यावर काकांची चोवीस वर्षं आनंदात गेली होती.

दर गुरुवारी संध्याकाळी क्लबचे पाठीराखे त्या खोलीत जमत. पूर्वी जमत ते हसायला. त्या हंगामात जमू लागले ते भांडायला.

“भावजी, सरळ विचारतो,” मेहुणा म्हणाला. तो बस चालवायचा आणि जगातला प्रत्येक प्रश्न बसमध्ये आणून बसवायचा. “ड्रायव्हर एकेकाळी चांगला होता, म्हणून आता त्याला समोरचं दिसेनासं झालं तरी बस त्याच्याच हातात द्यायची का?”

“तुझ्या हातात दिलीच आहे की अजून,” काका म्हणाले.

“दोन्ही बाजूंत तथ्य आहे,” निवृत्त गणिताचे सर म्हणाले. ते दर गुरुवारी हेच म्हणत आणि दोन्ही बाजू त्यांच्यावर सारख्याच चिडत.

“प्रश्न साधा आहे,” बायको म्हणाली. “आपली निष्ठा क्लबवर की एका माणसावर?”

काकांनी हातातली कवळी खाली ठेवली. “क्लब म्हणजे काय गं? खेळाडू येतात नि जातात. कपड्यांचे रंग बदलले, खुर्च्या बदलल्या, तिकीट तर विचारूच नकोस. इतक्या वर्षांत न बदललेली एकच गोष्ट आहे आणि ती टोपी घालून उभी असते.”

“तेच तर दुखणं आहे,” ती म्हणाली. सगळे हसले. काकांना हसू आलं नाही.

मग तिने बेत सांगितला. पुढच्या सामन्यात चोवीस वर्षांसाठी चोविसाव्या मिनिटाला सगळ्यांनी उभं राहायचं आणि एक मिनिट मैदानाकडे पाठ करायची. शिवी नाही, ओरडा नाही. आणि मागे काहीही झालं, अगदी गोल झाला, तरी मान वळवायची नाही. तिने एकेकाकडून शपथ घेतली. सरांनीसुद्धा घेतली.

काका उठून उभे राहिले. “अख्ख्या मैदानाने पाठ फिरवली तरी मी फिरवणार नाही. फिरवली, तर या खोलीत पुन्हा माझं तोंड बघू नका.”

“खोली तुमचीच आहे, भावजी,” मेहुणा म्हणाला.

“मग तो जबडा मी माझ्या हाताने फोडीन,” काका म्हणाले. हा शब्द मागे घेता येण्यासारखा नव्हता, हे सगळ्यांना कळलं. बायकोलाही कळलं.

सामन्याच्या दिवशी दोघं नेहमीसारखी शेजारी बसली, शेवटच्या रांगेत. त्यांच्या मागे फक्त पांढरी भिंत होती. खेळ रटाळ चालला होता. मोठ्या घड्याळात चोवीस आकडा पडला आणि खुर्च्यांचा खडखडाट झाला. सगळे उठले आणि वळले.

काकांनी हे मिनिट मनात शंभरदा घोकलं होतं. मान ताठ, नजर टोपीसाहेबांवर. पण एक साधी गोष्ट त्यांच्या डोक्यात आलीच नव्हती. ते शेवटच्या रांगेत होते. लोकांनी मैदानाकडे पाठ केली, म्हणजे तोंडं त्यांच्याकडे केली. चोवीस वर्षं त्यांनी या माणसांच्या टाळक्यांकडे बघत सामने पाहिले होते. आज पहिल्यांदा चेहरे दिसले, शेकडो, सगळे एकदम त्यांच्याकडे बघणारे.

आणि ते चेहरे रडत होते. काकांचा विश्वास बसेना. राग असेल, टिंगल असेल, असं त्यांनी धरलं होतं. दोन रांगा खाली मेहुणा उभा होता. तोच बसवाला, ‘उतरवा त्यांना’ म्हणून घसा कोरडा करणारा. त्याची हनुवटी लटलटत होती आणि नाक पुसायचंही त्याला भान नव्हतं. सर ओठ आवळून वर बघत होते. शेजारी बायको भिंतीकडे वळली होती. डोळे घट्ट मिटून तिने कपाळ भिंतीला टेकवलं होतं. ही माणसं टोपीसाहेबांचा द्वेष करत नाहीत, हे काकांना त्या क्षणी समजलं.

त्यांनी त्या डोक्यांच्या वरून मैदानाकडे पाहिलं. टोपीसाहेब खेळ सोडून प्रेक्षकांकडे वळले होते. त्यांनी टोपी काढली. ती डोक्यावरून उतरलेली काकांनी कधीच पाहिली नव्हती. खाली चक्क टक्कल होतं. त्यांची नजर त्या सगळ्या पाठींवरून फिरत फिरत वर आली आणि एकुलत्या एका चेहऱ्यावर थांबली.

मग त्यांनी हात वर केला आणि बोटाने हवेत एक गोल काढला. वळ.

काकांनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मी? टोपीसाहेबांनी मान डोलावली आणि पुन्हा गोल काढला. काकांनी जोरजोरात मान हलवून नकार दिला. तेव्हा त्यांनी तिसऱ्यांदा काढला, अगदी सावकाश, समजूत घालावी तसा. जा, तुझ्या माणसांबरोबर उभा राहा.

आणि काका वळले. शेकडो माणसांच्या डोळ्यांदेखत वळले आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. आपण काय केलं हे कळायच्या आत मिनिट संपलं. बायकोने डोळे उघडले, शेजारी नवऱ्याला भिंतीकडे तोंड करून उभं पाहिलं आणि ती थिजलीच. “तुम्ही?” एवढंच तिच्या तोंडून आलं. तिच्या कपाळावर भिंतीचा पांढरा रंग उमटला होता. बसची वाट बघताना काकांनी तो आपल्या रुमालाने पुसला. रात्री त्यांनी तिला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली, की टोपीसाहेबांनी राजीनामा दिला. सगळ्यांत जास्त हादरले ते तो मागणारेच. मेहुण्याने त्या दिवशी दोन थांबे न थांबता ओलांडले आणि प्रवाशांची बोलणी खाल्ली. सरांनी फोन करून काकांना विचारलं, “खरं आहे का हो?” आणि उत्तराची वाट न बघता ठेवून दिला.

गुरुवारी खोली गच्च भरली. कोणाला सूर सापडत नव्हता. शेवटी मेहुण्याने तोंड उघडलं.

“भावजी, तुम्ही फिरलात. आम्ही सगळ्यांनी पाहिलं.”

“त्यांनीच सांगितलं,” काका म्हणाले, आणि टोपी, टक्कल, तीनदा काढलेला गोल, सगळं सांगितलं. सांगतानाच त्यांच्या लक्षात आलं, की आपण वळलो याला शेकडो साक्षीदार आहेत आणि त्यांनी सांगितलं याला एकही नाही.

सरांनी घसा साफ केला. “त्याच सुमाराला बदली खेळाडू तयार होत होता. बोट त्याच्यासाठी असेल. शक्यता नाकारता येत नाही.”

“ताईला घाबरलात म्हणा ना सरळ,” मेहुणा म्हणाला. “आम्ही काही मनावर घेणार नाही.”

कोणीतरी हसलं. कोणाची तरी नजर वरच्या फळीकडे गेली. काकांनाही तो शब्द आठवत होता. राजीनाम्याने जेवढं दुखलं नव्हतं तेवढं आता दुखलं. खरंच बदली खेळाडूसाठी असेल का? आपण एका वेड्या समजुतीपायी पाठ फिरवली का? ते स्टुलावर चढले आणि त्यांनी जबडा खाली घेतला.

“ठेवा तो वर,” कोपऱ्यातून बायकोचा आवाज आला. “ते खरं सांगताहेत. मी पाहिलं.”

सगळ्यांनी आ वासला.

“ताई, तू तर भिंतीकडे...”

“मान वळवली होती. राहवलं नाही. टोपी काढली, डाव्या हातात धरली आणि यांच्याकडे बघून तीनदा बोट फिरवलं. यांनी नाही म्हटलं तरी फिरवलं.”

“आम्हाला शपथा घातल्यास,” मेहुणा उठलाच, “आणि स्वतः मागे बघितलंस? माझ्यामागे काय चाललंय ते बघायला मी तडफडत होतो, ताई. तरी मान हलवली नाही!”

“हो. मी मोडली शपथ. बोला आता काय बोलायचं ते.”

एकेक जण तिच्याकडे न बघता बाहेर पडला. मेहुणा बहिणीचा निरोपही न घेता गेला. ज्या बाईच्या शब्दावर अख्खं मैदान उभं राहिलं होतं, तिच्याभोवती आता फक्त रिकामी स्टुलं होती.

काका जबडा हातात धरून तसेच उभे होते. पांढरा रंग लागलेलं ते कपाळ त्यांनी स्वतः पुसलं होतं.

“अगं, तू नव्हतं पाहिलंस.”

तिने पिशवी खांद्याला लावली. “तुम्ही पाहिलंत ना?”

“हो.”

“मग झालं तर,” ती म्हणाली. “ठेवा तो जागेवर आणि दिवा बंद करा. उशीर झालाय.”